फोर्टातले शेवटचे दोन किलोमीटर

ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या सुमारे ३४ किलोमीटरसाठी लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट १५ रुपयांना मिळते आणि तिथे उतरल्यावर पुढच्या दीड-दोन किलोमीटरसाठी बेस्टच्या वातानुकूलित बसला १२ रुपये मोजावे लागतात. हे व्यस्त प्रमाण महिन्याचा खर्च वहीत मांडू लागलो तेव्हा माझ्या डोळ्यांत भरले. दक्षिण मुंबईत प्रवास महाग होतो तो अंतरामुळे नव्हे, तर वाहने बदलल्यामुळे. कारण प्रत्येक नव्या वाहनात पाऊल ठेवताच किमान भाडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मे २०२५ पर्यंत याची झळ फारशी जाणवत नसे. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपये आणि वातानुकूलित बससाठी ६ रुपये केले होते, त्यामुळे एका थांब्यासाठीही लोक सहज बसमध्ये चढत. आता तेच दर १० आणि १२ रुपये झाले आहेत. दिवसभराचा पास ७५ रुपयांना मिळतो खरा, पण बाराच्या तिकिटाच्या हिशेबाने तो सातव्या फेरीला वसूल होतो, आणि फोर्टात कामासाठी येणारा माणूस दिवसाकाठी सात वेळा बसमध्ये चढत असेल असे मला वाटत नाही. क्रॉफर्ड मार्केट, वस्तुसंग्रहालय, गिरगाव अशी पाहुण्यांसोबतची भटकंती असेल, तर मात्र तो जरूर घ्यावा.

गंमत अशी की ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचल्यापासून बोरीबंदर, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ते चर्चगेट हा प्रवास १० रुपयांत, म्हणजे वातानुकूलित बसपेक्षा दोन रुपये कमी देऊन, गारव्यात करता येतो. मंत्रालयात जायचे असेल तर विधान भवन आणि काळा घोडा परिसरासाठी हुतात्मा चौक ही स्थानके सोयीची आहेत. तथापि जिने उतरणे, सामानाची तपासणी आणि पुन्हा जिने चढणे यांत जाणारा वेळ धरला, तर एका स्थानकापुरती मेट्रो घेण्यात फारसे शहाणपण नाही.

मध्य रेल्वेवरून येणाऱ्या आणि चर्चगेटच्या बाजूला काम असणाऱ्या माणसाने निघतानाच दादरमार्गे चर्चगेटचे तिकीट काढावे, म्हणजे दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी पकडता येते आणि बसचे भाडे वाचते. सकाळी नऊच्या सुमारास दादरचा तो पूल ओलांडणे हे स्वतंत्र दिव्य आहे, एवढे मात्र कबूल करायला हवे.

टॅक्सीला मी पूर्वी उधळपट्टी समजत असे. रिक्षांना या भागात मज्जाव असल्याने तिसरा पर्यायही नसतो. परंतु काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आहे. तिघे जण एकत्र असतील तर प्रत्येकी १० रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे तीन वातानुकूलित तिकिटांपेक्षा टॅक्सी स्वस्त ठरते. अर्थात इतक्या जवळच्या भाड्याला चालक राजी झाला पाहिजे.

मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी याच भागातून धावली होती. त्या काळी रस्ते मोकळे असावेत. गेल्या महिन्यात संध्याकाळी सहा वाजता हुतात्मा चौकातल्या थांब्यावर माझ्यासमोर बस आली, गर्दी पाहून मी ती सोडली आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून, पुस्तके आणि पट्टे विकणाऱ्यांना चुकवत, बोरीबंदरपर्यंत चालत गेलो. तीच बस स्थानकासमोर पोहोचली तेव्हा माझा अर्धा चहा पिऊन झाला होता, आणि त्या चहाचे पैसे तिकिटापेक्षा दोन रुपयांनी जास्त झाले होते.