माझा अनुभव : आप्पांचे शेअर माझ्या नावावर, आणि बँकेचा एक शिक्का

त्या शाखेत मी एकूण सात वेळा गेले. कर्ज मागायला नाही, एफडी मोडायला नाही, फक्त "ही सही ह्या बाईंचीच आहे" एवढं एका फॉर्मवर लिहून शिक्का मारून द्या म्हणून. आणि ह्याच बँकेत माझं पंधरा वर्षांचं खातं, पगार तिथंच जमा होतो. आता काम झालंय पण अजून त्या रस्त्याने गाडी नेली की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकते, कुणाला तरी उपयोग होईल.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. वायद्याच्या सट्ट्यात घर घालवलेली माणसं त्यांनी जवळून बघितलेली, त्यामुळे शेअर म्हटलं की हात आखडायला पाहिजे होता, पण १९९४ च्या सुमाराला पब्लिक इश्यूची (कंपन्या लोकांना नवे शेअर विकतात त्याची) हवा होती आणि पेढीवरच्या सगळ्यांनी फॉर्म भरले तसे त्यांनीही भरले. चार कंपन्या, मिळून सोळा हजार रुपये. मग दोन वर्षांनी कुपवाडला अडीच गुंठ्याचा एनए (बिगरशेती) प्लॉट. एवढीच त्यांची गुंतवणूक आणि नंतर त्यांनी दोन्हीकडे ढुंकून बघितलं नाही. २००८ ला शेअर बाजार कोसळून सगळीकडे बोंबाबोंब झाली तेव्हा दादाने विचारलं आप्पा विकायचे का, तर म्हणाले हळद पेवात घातल्यावर रोज उकरून बघत्यात व्हय? (पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, आमच्याकडे हरिपूरची पेवं प्रसिद्ध. २००५ च्या पुरात तीच पेवं बुडाली हे आप्पा त्या वेळी सोयीस्कर विसरले.)

तर ते २०२२ च्या नोव्हेंबरात गेले आणि ट्रंक उघडली. चारपैकी दोन कंपन्या कधीच्या बंद पडलेल्या, तिसरीची एक्सचेंजवर खरेदी-विक्रीच होत नाही, ते कागद म्हणजे नुसते शोभेचे. चौथी मात्र चालली. साडेचार हजाराचे शंभर शेअर होते, दोनदा एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) मिळून चारशे झालेले, आणि किंमत साडेतीन लाखाच्या आसपास. मी कॅलक्युलेटर घेऊन बसले. त्या एका कंपनीचा हिशोब वर्षाला सोळा टक्क्यांचा पडतो, ऐकायला झकास, पण बुडालेल्या तिघींसकट सोळा हजारावर धरलं तर अकरा टक्के. पै-पाहुणे फक्त चौथीचीच गोष्ट सांगतात. नव्याने सुरू करणाऱ्याने हा फरक आधी बघावा, एकच शेअर धरून तीस वर्षं बसायची छाती नसेल तर सरळ इंडेक्स फंडात (बाजारातल्या मोठ्या कंपन्या एकदम घेणारा म्युच्युअल फंड) दरमहा ठरावीक रकमेची एसआयपी लावावी, मी स्वतः तेच करते.

प्लॉटचं काम. सगळ्यांनी घाबरवलेलं की तलाठी रडवणार. वारस नोंदीचा अर्ज दिला, नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकत कुणाची नाही, मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला, सातबाऱ्यावर नावं लागली. दीड-दोन महिने. संपलं. फक्त प्लॉटवर बाजूच्याने म्हैस बांधायला सुरू केलेली ती सोडवायला दादाला दोनदा पुण्याहून यावं लागलं. प्लॉट घेऊन विसरून जाता येत नाही बघा, वर्षातून दोन फेऱ्या मारा, तारेचं कंपाउंड घाला, मोकळ्या जागेचा कर वेळेत भरा आणि पावती आपल्या नावाची ठेवा.

आता शेअर. कागदी सर्टिफिकेट एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात, करावं लागतं, पण माणूस गेल्यावर वारसाच्या नावावर करणं ह्याला ट्रान्समिशन म्हणतात आणि ते होतं. कंपनी स्वतः काही करत नाही, तिचा रजिस्ट्रार असतो, आरटीए म्हणतात, सगळं तिकडे पाठवायचं. आयएसआर-५ हा ट्रान्समिशनचा फॉर्म, आयएसआर-१ केवायसीचा, एसएच-१३ नॉमिनीचा, सोबत मृत्यूचा दाखला, पॅन, आई आणि दादाची ना-हरकत, नोटरी केलेला इन्डेम्निटी बॉंड (उद्या कुणी दावा केला तर नुकसान मी भरून देईन असा), मूळ सर्टिफिकेटं. डीमॅट खातं आधी काढून ठेवा, त्याची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या माहितीचा कागद) लागते. आणि ह्या ढिगाऱ्यात एक साधा दिसणारा कागद, आयएसआर-२. त्यात बँकेने तुमची सही खरी आहे म्हणून सांगायचं, खाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, एम्प्लॉयी कोड, सही आणि शिक्का. बास.

पहिल्या वेळी मॅनेजर मीटिंगला. ठीक आहे. दुसऱ्या वेळी भेटले, फॉर्म उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले मॅडम असला फॉर्म आमच्याकडे होत नाही, आम्ही आमच्या लेटरहेडवर सही व्हेरिफाय करून देतो. चार्ज कापला, लेटर दिलं, मी खुशीत सगळा गठ्ठा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. पंचवीस दिवसांनी परत. हरकत काय, तर बँकेची खात्री फॉर्मवरच पाहिजे, वेगळं पत्र चालत नाही. तिसऱ्या वेळी मी ते हरकतीचं पत्रच पुढे ठेवलं, तेव्हा साहेबांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, पण एम्प्लॉयी कोड लिहीनात. का? "कोड बाहेर द्यायचा नसतो मॅडम, फ्रॉड होतात." मी म्हटलं अहो रकाना छापलेला आहे. म्हणाले छापू देत. परत पोस्ट, परत महिना, परत हरकत: एम्प्लॉयी कोड नाही.

चौथ्या वेळी सर्व्हर डाऊन. सही बघायला सर्व्हर लागतो म्हणे. मी तिथल्या बाकड्यावर दीड तास बसले, समोर एक आजोबा पासबुक प्रिंटिंगच्या मशीनशी भांडत होते, त्यांचं माझ्या आधी झालं. पाचव्या वेळी गेले तर मॅनेजरच बदललेले. नवे साहेब तरुण, अगदी गोड बोलणारे, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले आधीच्या साहेबांनी कसं दिलं मला माहीत नाही, मी लीगलला मेल टाकतो. सहाव्या वेळी लीगलचं उत्तर आलेलं नव्हतं. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायचं, उन्हात गाडी लावायची आणि उत्तर काय तर "येईल की मॅडम". त्या दिवशी मी बाहेर येऊन चक्क रडले, राग की काय ते कळेना, शेअर गेले खड्ड्यात असं वाटलं. दादा फोनवर म्हणतो सोड ना, साडेतीन लाखच आहेत. पुण्यात बसून बोलायला काय जातंय.

शेजारचे काका बँकेतून रिटायर झालेत, त्यांना सहज बोलले तर हसले. म्हणाले तोंडी मागतेस म्हणून तोंडी उत्तर मिळतंय. साधा अर्ज लिही, दोन प्रती, सोबत कोरा फॉर्म जोड, शेवटी लिही की देता येत नसेल तर कारण लेखी द्यावे, आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. सातव्या वेळी तसंच केलं. इनवर्डवाल्या मुलीने अर्ज वाचला, उठून आत गेली, आणि वीस मिनिटांत फॉर्म हातात! कोडसकट! लीगलबिगल काही नाही. त्यातही शिक्क्याचं पॅड वाळलेलं, शिपायाने पाण्याचे दोन थेंब टाकले तरी ठसा पुसटच, मी तिथल्या तिथं म्हटलं शेजारी अजून एक मारा. पुसट शिक्क्यावरून परत आलं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही.

हां, एक सांगायचं राहिलं, ह्या कागदांसोबत द्यायच्या कॅन्सल चेकवर तुमचं नाव छापलेलं पाहिजे. माझं जुनं चेकबुक बिननावाचं होतं, दुसरं मागवावं लागलं. आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, पंच करू नका. आमची ट्रंक गावभागातल्या घराच्या माळ्यावर होती. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), माळा वाचला पण ओल चढली आणि दोन कागद एकमेकांना चिकटले. झेरॉक्सवाला म्हणे लॅमिनेशन करू का, मी नको म्हटलं, पंख्याखाली वाळवून हळूहळू सोडवले. नंबर वाचता येत होते म्हणून डुप्लिकेट काढायची वेळ आली नाही.

इकडे आरटीएला बँकेचा कागद पटला, पण त्यांनी नवीन काढलं, सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारस दाखला) आणा. म्हणजे कोर्ट, वकील, पेपरात जाहिरात. पण सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तेव्हाच्या नियमात कागदी शेअर एका कंपनीत पाच लाखापर्यंत असतील तर ना-हरकत आणि इन्डेम्निटीवर काम होत होतं. हे मला तोवर पाठ झालेलं. मी फोन केला नाही, सरळ सेबीच्या स्कोअर्स ह्या तक्रारीच्या वेबसाइटवर तक्रार टाकली. एप्रिल २०२४ पासून तिथं एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पंधराव्या दिवशी मेल आली, "आपले कागद योग्य आहेत." आधी काय अयोग्य होतं ते विचारायची खूप इच्छा झाली.

जुलैत लेटर ऑफ कन्फर्मेशन आलं. तेव्हा थेट शेअर येत नसत, हे पत्र यायचं आणि १२० दिवसांत ते डीमॅटवाल्याकडे द्यावं लागायचं. आई म्हणाली आषाढात नको, श्रावण लागू दे. मी दुसऱ्या दिवशी देऊन आले, तिला श्रावणात सांगितलं.

सही सोडून दुसरी भीती होती ती डिव्हिडंडची, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते त्या पैशांची. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात, मग तिथून काढायचे म्हणजे वेगळाच अर्ज. पुरानंतर आम्ही विश्रामबागला राहायला आलो, आप्पांनी कंपनीला पत्ता कळवलाच नाही, २०१९ पासूनचे डिव्हिडंडचे वॉरंट (चेकसारखे कागद) गावभागातल्या बंद दाराला लागून परत गेले. म्हणजे २०२६ पर्यंत कुणी ट्रंक उघडली नसती तर तीस वर्षांचा धीर फंडात जमा. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा कुठं काय आहे, आणि पॅन, आधार, बँक, शेअर सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच करून घ्या.

विकले तर टॅक्स कसा, हे बरेच जण विचारतात. वारसाने आलेल्या शेअरला आप्पांची खरेदी तारीख आणि किंमत धरतात, ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे असल्यामुळे त्या दिवसाचा भावही विचारात घेतात, आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. मी तूर्त विकलेले नाहीत.

अडकलेल्या डिव्हिडंडपैकी दोन वर्षांचे आले. बाकीच्यांसाठी आरटीए म्हणतंय बँकेची माहिती परत कन्फर्म करा. आज सकाळी तिसरी मेल टाकली, सोबत त्या दोन शिक्क्यांच्या फॉर्मचा स्कॅन जोडून.