एलिटची आकाशगंगा मराठीत: नावं झाली, आता बाजार भरवायचाय

मंडळी, एलिट या अंतराळातल्या व्यापाराच्या जुन्या कॉम्प्युटर गेममधला ग्रह बनवणारा जनरेटर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत परत लिहायचं काम चाललं होतं ते लागलं एकदाचं मार्गी. यादी काढली तर शून्यावर टिबेडाइड, मग क्यूब, लेलीर असं करत सातव्या नंबरला बरोबर लेव्ह, जिथून १९८४ साली बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरवर सगळ्यांचा प्रवास सुरू व्हायचा. म्हणजे गणित जुळलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन पोरांनी हा गेम बनवला, मशीनला मेमरी ३२ केबी, त्यातच स्क्रीन पण बसवायचा, आणि गेममध्ये ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. आठ-आठ अक्षरांची नुसती नावं साठवली असती तरी १६ केबी गेले असते, मग गेम काय डोक्यावर ठेवणार? म्हणून साठवलं काहीच नाही. १६ बिटांचे तीन आकडे घ्यायचे, तिघांची बेरीज करायची, सगळ्यात जुना टाकायचा, नवा मागं जोडायचा, असं चारदा केलं की पुढचा ग्रह (पायथनवाल्यांनो, प्रत्येक बेरीज १६ बिटांवर कापा, नाहीतर आकडे फुगत जातात). पुढच्या आकाशगंगेत जाताना सहाही बाइट एकेक बिट डावीकडं फिरवतात, आठदा फिरवलं की परत पहिली आकाशगंगा! मुळात यांना २८१ लाख कोटी आकाशगंगा ठेवायच्या होत्या, गेम छापणाऱ्या एकॉर्नसॉफ्ट कंपनीनं अडवलं, आणि बरंच केलं, एवढं फिरल्यावर सगळं एकाच साच्यातलं आहे हे कुणाच्याही लक्षात आलं असतं.

पण माझा जीव जडलाय तो एकाच ओळीवर. राज्यकारभार ० म्हणजे अराजक, १ म्हणजे सरंजामशाही, आणि या दोनपैकी काही आलं तर कोड अर्थव्यवस्थेच्या आकड्यातला दुसरा बिट जबरदस्तीनं चालू करतो. म्हणजे ० श्रीमंत औद्योगिक असेल तर होतो २, गरीब औद्योगिक, आणि ५ श्रीमंत शेतीप्रधानचा होतो ७, गरीब शेतीप्रधान. बास, एवढंच, पण यामुळं जिथं कायदा नाही तिथं पैसा टिकत नाही हे कुठंही न लिहिता गेममध्ये उतरलं. पुढं तंत्रज्ञान राज्यकारभार आणि अर्थव्यवस्था या दोन्हींवरून ठरतं, लोकसंख्या तंत्रज्ञानावरून, उत्पादन लोकसंख्येवरून, सगळं एकमेकांत अडकलेलं. मी मुद्दाम ती ओळ काढून यादी परत काढली, तर अराजकातच श्रीमंत ग्रह दिसायला लागले आणि सगळी यादी लॉटरीच्या निकालासारखी वाटायला लागली. रीडक्वाट या अराजकातल्या ग्रहावर गेलात की चाचे अंगावर येणार हे कळतं ते असल्या नियमांमुळं. माझ्या मते ग्रहांच्या संख्येचं कौतुक उगाच जास्त होतं, खरी कमाल इथं आहे.

नावांचं मात्र डोकं खाल्लं. मूळ गेममध्ये दोन-दोन अक्षरांच्या ३१ जोड्या आहेत, ला आणि वे मिळून लेव्ह, तसंच. त्याच जोड्या देवनागरीत घातल्या की मधेच स्वर येतो आणि लाएरबिइन असलं काहीतरी वाचावं लागतं. म्हणून सगळ्या जोड्या टाकून के, ळ, शी, मा, वे, रो, णे, सा असली अक्षरं घेतली, पण मग ळ आणि ण नावाच्या सुरुवातीला येऊन बसायला लागले, आपल्यात ळ ने कुठलं गाव सुरू होतं का! त्यामुळं मूळात नसलेला एक नियम घातलाय, पहिल्या जागी ळ किंवा ण आलं की यादीतलं पुढचं अक्षर घ्यायचं. आता वेमारोळ, सावेणे अशी बरी नावं पडतायत, आणि एकदा तर चक्क केळशी आलं, दापोलीजवळचं, ते तसंच ठेवलंय.

आता किमती. मूळ सूत्रात प्रत्येक मालाला एक उतार आहे, म्हणजे अर्थव्यवस्थेचा आकडा वाढला की भाव किती चढणार किंवा उतरणार, धान्याचा उणे, कॉम्प्युटरचा अधिक, त्यामुळं शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त आणि कॉम्प्युटर महाग. धान्याच्या जागी तांदूळ ठरलाय. कॉम्प्युटरच्या जागी मोटरपंप ठेवू का मोबाईल, सांगा पटकन, म्हणजे रविवारी बसून टाकतो.