तुम्ही विचारलेत म्हणून: मॅक्वीन, येझदी आणि मी

हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन याच्यावर तुमचे प्रेम होते का आणि त्याच्यामुळेच तुम्ही मोटरसायकलच्या नादी लागलात का, हा प्रश्न मला लग्नकार्यात, गॅरेजमध्ये, यवतेश्वरच्या घाटात चहा पिताना आणि एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडे असतानाही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही आता लिहूनच टाकते, कारण तोंडी उत्तर कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही. ‘होते’ म्हटले तर लोक हसतात आणि ‘नव्हते’ म्हटले तर अधिकच हसतात.

नव्हते. मला तो माणूस नको होता, तो बसला होता ती जागा हवी होती. माझ्या वयाचे कितीतरी पुरुष कोणत्या ना कोणत्या नटाला पाहून गाडीवर बसले, पण त्यांना कोणी प्रेमाबद्दल विचारत नाही. त्यांचा तो छंद ठरतो आणि माझे ते प्रकरण.

‘बुलिट’ हा 1968 चा सिनेमा आमच्या घरी पंधरा-सोळा वर्षे उशिरा, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवरून पोहोचला. दादाने तो मोटारींच्या पाठलागासाठीच आणला होता आणि तेवढाच भाग आम्ही मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर हिरव्या मस्टँगने आणि काळ्या डॉज चार्जरने खरा वेग घेतला की संगीत थांबते, आणि मग इंजिने, टायर आणि गिअर यांच्याखेरीज काही ऐकू येत नाही. तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल मोटार वारंवार मागे पडते आणि चार्जरच्या चार चाकांवरून चारांपेक्षा जास्त व्हील कॅप गळतात, यावर दादा पोट धरून हसत असे. माझे मन मात्र दुसऱ्याच चुकीवर बसले. मॅक्वीन एका वळणावर पुढे निघून जातो, मागच्या चाकांतून धूर निघेपर्यंत गाडी उलटी घेतो आणि पुन्हा पाठलागाला लागतो. ती चूक कापून न टाकता सिनेमात तशीच ठेवली आहे. मुलीच्या हातून झालेली चूक अशी चारचौघांत राहू देण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आता काही जण मोठ्या आनंदाने मला सांगतात की ‘द ग्रेट एस्केप’ या सिनेमातली काटेरी तारेवरची मोटरसायकलची उडी त्याने मारलीच नव्हती. मला माहीत आहे. ती त्याचा स्टंटमन मित्र बड एकिन्सने मारली होती. त्याच सिनेमात जर्मन शिपायाचा वेश करून मॅक्वीन काही दृश्यांत स्वतःचाच पाठलाग करतो, हे मात्र त्यांना माहीत नसते. 1970 मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या मोटार शर्यतीत तो डावा पाय प्लास्टरमध्ये असताना पोर्शे 908 घेऊन उतरला आणि मारिओ आंद्रेत्तीच्या फेरारीपेक्षा अर्ध्या मिनिटाहूनही कमी अंतराने दुसरा आला. त्यातले बहुतेक तास त्याचा जोडीदार पीटर रेव्हसन गाडी चालवत होता, हेही मला माहीत आहे. घरात त्याचे वागणे कसे होते ते त्याच्या पहिल्या पत्नीने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि ते वाचल्यावर त्या माणसाविषयी माझ्या मनात फारसे काही उरले नाही. ‘मग तरीही?’ असे तुम्ही विचाराल. त्यासाठी बाबांबद्दल लिहावे लागेल, आणि तेच मी इतकी वर्षे टाळत आले.

दादा नोकरीसाठी मस्कतला गेला तेव्हा त्याने आपल्या येझदी मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात दिली. गाडी कशी चालते हे मला त्याआधीच कळत होते, कारण सुटीच्या दिवशी ती उघडायला मी त्याच्या शेजारी बसत असे. तिचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो, हे ज्याने केले नाही त्याला सांगून समजत नाही. पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या विजेच्या दोन टोकांमध्ये, 0.4 मिलिमीटरची फट ठेवायची असते, आणि ती जराशी बिघडली तरी गाडी चढावर मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेच ठोके चुकवते. फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, लावून ती फट मी स्वतः बसवत असे आणि मग पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून येत असे. बाबा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. ते एका विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांच्या फायली सांभाळत. फायलींतले फोटो ते घरी आणत नसत, पण काही दिवशी जेवताना ते वाढलेले तसेच ठेवून उठत.

माझी डिप्लोमाची परीक्षा चालू असताना एक स्थळ आले. शेवटचा पेपर देऊन घरी आले तर जिन्याखाली गाडी नव्हती. त्या जागी पायाने चालवायचे शिवणयंत्र उभे होते, नवे, कागदात अर्धे गुंडाळलेले. आईने माझ्याकडे पाहिले नाही. बाबा म्हणाले, “अगं, हेही यंत्रच आहे.” त्यांनी ते चिडवायला म्हटले असते तर मला भांडता आले असते. त्यांना ते खरोखर पटलेले होते. मला काहीतरी चालवायला हवे असते एवढे त्यांनी ओळखले होते आणि त्यातल्या त्यात ज्याने माणूस मरत नाही असे यंत्र त्यांनी निवडले होते. मी तीन-चार शब्द बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि पुढे कित्येक महिने त्यांच्याशी कामापुरतेच बोलले.

ते स्थळ जमले नाही. पुढच्या पावसाळ्यात नाक्यावर उभी असताना चढावरून येणारी एक गाडी मिसिंग करताना ऐकू आली आणि वळून पाहण्याआधीच मला कळले की ती आमची आहे. तिच्यावरच्या अनोळखी माणसाला थांबवून ‘पॉइंट बघून घ्या’ असे सांगायला मी दोन पावले पुढेही गेले. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मला त्या दिवशी नको होती, म्हणून मी थांबले.

बाबांना यंत्र कळत नाही, असे मी त्या वयात सगळ्यांना सांगत असे. आज ते म्हणवत नाही. 1970 च्या फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीत मॅक्वीनला शर्यतपटू जॅकी स्ट्युअर्टबरोबर पोर्शे 917 चालवायची होती, पण त्याच शर्यतीवरच्या त्याच्या सिनेमाचा विमा उतरवणाऱ्यांनी नकार दिला. त्याच सिनेमाच्या चित्रीकरणात डेव्हिड पायपर या शर्यतपटूचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्या नकारपत्राच्या टेबलामागे माझे बाबा बसलेले मला अगदी स्पष्ट दिसतात, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. पण त्या विमावाल्यांनी निदान मॅक्वीनला तोंडावर सांगितले. माझा पेपर संपेपर्यंत थांबणे बाबांना जड नव्हते. इथे आले की मी पुन्हा विशीतलीच होते, आणि त्या मुलीला समजावायला माझ्याकडे काही नाही.

पहिल्या पगाराच्या वर्षी मी जुनी यामाहा आरएक्स 100 घेतली. बाबा एकदाच तिच्यावर मागे बसले, दवाखान्यापर्यंत, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. उतरल्यावर “ब्रेक चांगले आहेत” एवढेच म्हणाले. त्याचा अर्थ मी अजून ठरवलेला नाही.

दादा म्हणतो की तो सिनेमा पाहिला नसता तरी मी हेच केले असते, कारण प्लग साफ करायला मी आधीपासूनच बसत होते. मला ते पटत नाही. यंत्र उघडून दुरुस्त करून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणे मला आधीपासून येत होते; त्यावर स्वतः बसून निघून जाता येते, हे मी त्या पडद्यावर पाहिले. एवढे श्रेय मी त्या नटाला देते. आणि दिवाणखान्यातले मॅक्वीनचे ते चित्र पाहून तुम्ही प्रेमाची चौकशी करणारच असाल, तर ते दादाने मस्कतहून स्वतःसाठी आणले होते. त्यालाही एकदा विचारून पाहा.