रिकाम्या खुर्चीचे भाडे

ज्याचे लहानपण सांगलीच्या एसटी स्थानकात गाडीची वाट पाहण्यात गेले, त्याला रिकाम्या जागेचे पैसे मोजायला लावणे म्हणजे त्याच्या संस्कारांची परीक्षाच पाहणे आहे. आमच्याकडे जागा धरली जाई ती खिडकीतून रुमाल टाकून. गाडी फलाटाला लागते न लागते तोच रुमाल, टोपी, दप्तर आणि प्रसंगी एखादे चपळ पोरही खिडकीतून आत जाई. त्या रुमालाला कायद्याचा आधार नव्हता की कसली पावती नव्हती, तरी बहुतेक वेळा त्याचा मान राखला जाई. त्याची मर्यादाही सर्वांना ठाऊक होती. रुमाल टाकायचा तो येणाऱ्या माणसासाठी. जो येणारच नाही त्याच्यासाठी नव्हे. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ऐसपैस बसलेल्या प्रवाशाला आष्ट्यापर्यंत उभ्याने जाणारी बाई चार शब्द सुनावल्यावाचून राहत नसे, आणि कंडक्टरही तिचीच बाजू घेत असे.

अशा मुलखातल्या मी या वर्षी पुणे ते बंगळुरू या दीड तासाच्या विमानप्रवासासाठी १,६५० रुपये जादा भरले, ते शेजारच्या खुर्चीवर कोणीही बसू नये म्हणून.

कारण आईचा गुडघा. शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते आणि चालणे बरे सुधारले होते, पण पाय पूर्ण दुमडत नव्हता. बसल्यावर तो तिरका पसरावा लागे. विमानातली साधी खुर्ची सतरा-अठरा इंच रुंद असते, म्हणजे जेवायच्या पाटापेक्षा फार मोठी नाही, आणि पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर असे की धडधाकट माणसाचेही गुडघे पाठीला टेकतात. आईचा पाय शेजारच्याच्या पायाशी जाणार हे उघड होते. बहीण बंगळुरूला असते आणि रेल्वेचा रात्रभराचा प्रवास आईला नको होता. एकाच माणसाला तीन खुर्च्यांच्या ओळीतली शेजारची खुर्ची सवलतीत घेता येते असे आरक्षण करताना दिसले, आणि मी ती घेतली. खिडकीशी आई, मधली रिकामी, मार्गिकेकडे मी.

भारतात या गोष्टीला नाव आणि किंमत मिळाली ती करोनाच्या काळात. दोन महिने बंद असलेली देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० रोजी सुरू झाली तेव्हा मधली खुर्ची भरावी की नाही, यावरून वाद मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही गेला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जूनच्या आरंभी सांगितले की शक्यतो मधली खुर्ची रिकामी ठेवावी, आणि ते जमत नसेल तर तिथे बसणाऱ्याला अंगभर झगा द्यावा. पुढे त्याच महिन्यात न्यायालयांनी मधली खुर्ची भरायला मोकळीक दिली. म्हणजे जी रिकामी जागा आरोग्याच्या नावाने फुकट मिळेल असे वाटत होते ती मिळाली नाही, आणि जुलैमध्ये इंडिगोने ती विकायला काढली: २४ जुलैपासूनच्या प्रवासासाठी एका प्रवाशाला दोन खुर्च्या, दुसरीचे शुल्क मूळ आकाराच्या २५ टक्क्यांपर्यंत. तेव्हा मला तो धंदेवाईकपणाचा कळस वाटला होता. आता वाटते की निदान त्यांनी किंमत स्पष्ट सांगितली.

परदेशात हा व्यवहार त्याआधीपासून चालत आला आहे. युरोपातल्या अनेक कंपन्यांचा जवळच्या प्रवासातला बिझनेस वर्ग म्हणजे बहुधा तीच तीन खुर्च्यांची ओळ असते. मधली खुर्ची रिकामी ठेवतात, जेवण बरे देतात, आणि मागे एक पडदा असतो. प्रवासी जास्त झाले की तो पडदा एक-दोन ओळी मागे सरकवतात. एतिहादने शेजारच्या खुर्चीसाठी बोली लावायची सोय काढली. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने पुढे देशांतर्गत प्रवासात, उड्डाणाच्या थोडे आधी जागा शिल्लक दिसत असेल तरच, शेजार रिकामा ठेवण्याचा प्रस्ताव देण्याची पद्धत ठेवली; आयत्या वेळी खुर्ची लागलीच तर पैसे परत. मला ही शेवटची रीत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात नेमके काय विकले जात आहे हे लपवलेले नाही.

काय विकले जाते? विमान भरले नाही तर ती खुर्ची रिकामीच जाणार असते, आणि तिची राखण केल्याने कंपनीचा खर्च वाढत नाही. आमच्या तासगावच्या बागाईतदाराची द्राक्षे बाजारात उठली नाहीत तर त्यांचा निदान बेदाणा करता येतो, पण दार बंद झाल्यावर न विकलेल्या खुर्चीचे काहीही करता येत नाही. म्हणून शेवटच्या क्षणी तिच्यापोटी जे हाती येईल ते कंपनीला हवेच असते. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर कदाचित फुकट मिळाली असती अशी मोकळी जागा तो नक्की मिळावी म्हणून पैसे देतो. मंगळवारी दुपारच्या अर्ध्या भरलेल्या विमानात हा पैसा वाया जातो. शुक्रवारी संध्याकाळी, सगळे बंगळुरूकर घरी परततात तेव्हा, तो कारणी लागतो. तासा-दीड तासाच्या प्रवासात केवळ कोपर टेकायला मिळावे म्हणून हजार-दीड हजार रुपये देणाऱ्याविषयी मला अजूनही फारसा आदर नाही. तेवढा वेळ तर आम्ही जयसिंगपूर-हातकणंगले मार्गे कोल्हापूरला उभ्याने काढला आहे.

रेल्वेने हा प्रश्नच ठेवलेला नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये न आलेल्या प्रवाशाचा बर्थ टीसी आरएसीवाल्याला देऊन टाकतो. रिकामेपणावर तिथे कुणाची मालकी टिकत नाही. खाजगी स्लीपर गाड्यांनी वेगळी वाट काढली: एका बाजूला एकट्याचे बर्थ, दुसऱ्या बाजूला जोडीचे, आणि एकट्याचे आधी संपतात. विमानात मात्र उभ्याने प्रवास करता येत नसल्यामुळे, आपण अडवलेल्या जागेसाठी कोण ताटकळले ते दिसत नाही. आष्ट्याला जाणारी बाई विमानतळावर नसते, म्हणून मन खात नाही, एवढेच. ती असते तिकिटाच्या दरात. शेवटच्या काही खुर्च्या उरल्यावर भाडे चढते, त्या वेळी आपण धरलेली एक खुर्ची कुणाला तरी महागात पडलेली असते किंवा कुणाचे जाणेच रहित झालेले असते. हे मला कळत होते, पण आईच्या गुडघ्यापुढे मी ते बाजूला सारले.

आणि ती बाई त्या दिवशी प्रत्यक्ष समोर आली. पेठनाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी असे करत आम्ही पुणे गाठले, विमानात बसलो, आईने पाय पसरला. दार बंद होण्याआधी कर्मचारी मुलगी एका कॉलेजच्या वयाच्या तरुणीला घेऊन आमच्या ओळीपाशी आली. त्या तरुणीच्या खुर्चीचा पट्टा लागत नव्हता, आणि पट्टा नसलेल्या खुर्चीवर कोणालाही बसवता येत नाही. बाकी विमान भरलेले होते. आमच्या मधल्या खुर्चीचा प्रवासी आलेलाच नाही असे त्यांच्या यादीत दिसत होते, कारण तिचा वेगळा बोर्डिंग पास होता आणि प्रवेशद्वारावर माझा आणि आईचाच पास स्कॅन झाला होता. तिसरा माझ्या खिशातच राहिला. कंपनीचे नाव घेत नाही. चूक त्यांच्या माणसाची होती आणि थोडी माझीही.

मी पास काढून दाखवला आणि अतिशय सभ्य आवाजात भांडायला लागलो. त्या कर्मचारी मुलीने तितक्याच सभ्यपणे सांगितले की ही खुर्ची मिळाली नाही तर या प्रवाशाला खाली उतरवावे लागेल. हिंदीतले ते बोलणे आईने नीट ऐकले होते.

“अरे, पोरीला खाली उतरवायचं का? बसू दे की,” आई म्हणाली.

“आणि तुझा पाय?”

“पायाचं बघू. तू सरक आत.”

हे मला सुचायला हवे होते. तरुणी मार्गिकेकडच्या माझ्या खुर्चीवर बसली, मी मधल्या खुर्चीवर आलो, आणि आईचा पाय माझ्या दोन्ही पायांना एका बाजूला रेटून माझ्या जागेत पसरला. जी खुर्ची रिकामी राहावी म्हणून मी १,६५० रुपये दिले होते, तिच्यावर अंग चोरून मीच बंगळुरूपर्यंत गेलो. आई त्या मुलीला ती कुठली, काय शिकते, घरी कोण असते हे माझ्यावरून वाकून विचारत होती.

पैसे परत मिळवायला पाच आठवडे आणि सहा पत्रे लागली. आधी उत्तर आले की जादा खुर्ची वापरली गेली नाही, तेव्हा परतावा नाही. वापरली गेली नाही हेच तर मी विकत घेतले होते, आणि ती वापरली गेली हीच माझी तक्रार होती. हे त्यांना समजावताना मराठी माणसाच्या इंग्रजीचा कस लागला. शेवटी पैसे आले. सोयीचे म्हणून घेतलेले किरकोळ शुल्क तेवढे राहिले.

या खटाटोपात दोन गोष्टी समजल्या, त्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो. पहिल्या ओळीत आणि आपत्कालीन दरवाजापाशी खुर्च्यांच्या मधले हात बहुधा वर उचलता येत नाहीत, कारण ट्रे त्यांच्यातच घडी घातलेला असतो. अंगाला जास्त रुंदी लागते म्हणून जो दुसरी खुर्ची घेतो, त्याने तिथे घेऊ नये. आणि ज्याला शरीराच्या अडचणीमुळे दुसरी खुर्ची लागतेच, त्याच्याकडून तिचे भाडे घ्यावे का, हा कॅनडात हक्काचा प्रश्न मानला गेला. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने २००८ साली मोठ्या कंपन्यांना आदेश दिला की देशांतर्गत प्रवासात अपंगत्वामुळे जादा खुर्ची लागणाऱ्या व्यक्तीकडून एकच भाडे घ्यावे. आपल्याकडच्या चर्चेत हा मुद्दा मला क्वचितच भेटतो. आपण अजून सोय आणि चैन यांच्यातच अडकलो आहोत.

आता पौषात आईला मुंबईला डॉक्टरांकडे दाखवायचे आहे. कोल्हापूरहून उजळाईवाडीच्या विमानतळावरून स्टार एअरच्या ज्या पन्नास आसनी एम्ब्रेअर विमानांची सेवा आहे, त्यांत मार्गिकेच्या एका बाजूला एकच खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दोन असतात. त्या एकट्या खुर्चीला शेजारच नाही, म्हणून शेजार रिकामा ठेवण्याचे पैसेही नाहीत. मित्राने हे सांगितले तेव्हा मला प्रश्न सुटल्यासारखा वाटला. मग लक्षात आले की एकट्या खुर्चीला शेजारी नाही तशी शेजाऱ्याची जागाही नाही. आईला माणसाचा त्रास कधीच नव्हता, तिला हवा आहे तो त्याच्या पायाखालचा हातभर जमिनीचा चौकोन, आणि एकट्या खुर्चीत बसून तिरका सोडलेला पाय थेट खाद्यपदार्थांच्या गाडीसमोर येणार. म्हणून दोन खुर्च्यांच्या बाजूला खिडकीशी आई आणि शेजारी मी, अशी साधी दोन तिकिटे काढली आहेत. पाय माझ्याकडे पसरला की झाले. बंगळुरूच्या वेळीही एवढेच पुरले असते. ते १,६५० रुपये परत आले हे आईला ठाऊक आहे. भरलेच कशाला, हे ती अजून अधूनमधून विचारते.