रात्रीचा उकाडा नकाशात नव्हता

नगररचनेची पदवी घेऊन दोन वर्षं झाली. सध्या शहरातल्या उष्णतेवरच्या संशोधनात आहे. आज आमचा नकाशा घेऊन एका वस्तीत गेलो. लँडसॅट या उपग्रहाच्या प्रतिमांवरून केलेला, लालभडक. एका आजींनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "हे कधीचं?" सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराचं, म्हणालो.

"सकाळचं सोसतं रे. रात्री पत्र्याखाली डोळ्याला डोळा लागत नाही, त्याचं काय?"

काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री सोडत राहतं, हे मी परीक्षेत लिहिलंय. शिवाय उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान, घरातल्या हवेचं नाही. तरी रात्रीची मोजणी आमच्या आराखड्यात नव्हतीच. हे फार लागलं मनाला.

आजींनी तापमापक लावायला त्यांच्या उशाजवळची जागा दाखवली. उद्या पहिले ६ लावतोय.