तुम्ही विचारलंत म्हणून : उंदराला फिट आली हे कळतं कसं?

मी उंदरांमधील अपस्माराचा अभ्यास करतो असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘उंदराला फिट आली हे तुम्हाला कळते तरी कसे?’ खरे सांगायचे तर नुसत्या डोळ्यांना ते पुष्कळदा कळतच नाही.

आधी नुसता झटका (फिट) आणि अपस्मार, म्हणजे असे झटके आपोआप पुन्हा पुन्हा येण्याचा आजार, यांतला फरक स्पष्ट करायला हवा. पेंटिलीनटेट्राझोल हे द्रव्य मेंदूला आवर घालणाऱ्या ‘गाबा’ या मेंदूतल्याच रसायनाचे काम रोखते आणि काही मिनिटांतच झटका येतो, पण तेवढ्यावरून त्या उंदराला अपस्मार झाला असे म्हणता येत नाही. त्यासाठी पायलोकार्पिन किंवा कायनिक आम्ल (हे मूळचे जंतांवर वापरल्या जाणाऱ्या एका लाल समुद्रशैवालातले) देऊन झटका बराच वेळ चालू राहू द्यावा लागतो, मग डायझेपाम या औषधाने तो आटोक्यात आणावा लागतो, आणि त्यानंतर काही दिवस ते काही आठवडे वाट पाहावी लागते. वरवर शांत दिसणाऱ्या त्या काळात हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागातील पेशींच्या जोडण्या बदलत जातात आणि एके दिवशी काहीही न देता झटका येतो. लेव्हेटिरासिटॅम हे अपस्मारावर आज सर्रास दिले जाणारे औषध निरोगी जनावरांवरच्या झटपट चाचण्यांत जवळजवळ निष्प्रभ ठरले होते, हे मला या संदर्भात नेहमी आठवते.

झटक्याची तीव्रता ठरवण्यासाठी रॅसीन यांची १९७२ची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात : तोंडाची चाळवाचाळव, मान डोलणे, पुढच्या पायांचे झटके, मागच्या पायांवर उभे राहणे आणि अखेर तोल जाऊन पडणे. पाचवी पायरी कोणीही ओळखेल. पहिल्या पायरीवरचा उंदीर मात्र दाणा चघळणाऱ्या उंदरापेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. म्हणून भूल देऊन त्याच्या कवटीत बारीक इलेक्ट्रोड बसवतात आणि ईईजी (मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख) व व्हिडिओ रात्रंदिवस एकत्र नोंदवतात. झटक्यात ईईजीच्या रेषेवर टोकदार लाटा उसळतात, मग त्या विरळ होत जातात आणि एकदम रेषा सपाट होते. व्हिडिओत तेव्हा उंदीर निश्चल पडलेला असतो.

अर्थात रेषाही फसवते. सुरुवातीच्या दिवसांत मी एका रात्रीत नऊ झटके मोठ्या उत्साहाने मोजले होते. वरिष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे व्हिडिओ लावायला सांगितला. त्यांपैकी सहा वेळा उंदीर मागच्या पायाने कान खाजवत होता. उरलेल्या तिन्हींपैकी एकात तो कोपऱ्यात नुसता बसून होता, आणि तो झटका मात्र खरा होता.