तीन चाकांवरून वॉशिंग्टन पास

डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा, आहे. सांगलीला विलिंग्डन कॉलेजात जायला लागले तेव्हा बाबांनी कायनेटिक होंडा घेतली आणि गॅरेजमध्ये तिला मागे दोन जादा चाकं बसवून आणली. त्या गाडीवर मी विश्रामबाग, मिरज, हरिपूर मनसोक्त हिंडले. पुढे लग्न झालं, अमेरिकेत आले आणि हातात आली ऑटोमॅटिक कार. सिएटलजवळ बॉथेलला राहायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात मोटारसायकली डोंगराकडे निघालेल्या दिसायच्या, आणि मला अंगावर वारा घेत गाडी चालवायची अनावर इच्छा व्हायची. यंदा ठरवलंच. सेकंडहँड कॅन-ॲम स्पायडर आरटी ही तीनचाकी मोटारसायकल घेतली.

पुढे दोन चाकं, मागे एक. ती बनवणारी बीआरपी ही क्यूबेकमधल्या व्हालकूरची, मूळची स्नोमोबिलवाली, म्हणजे बर्फावरच्या गाड्या बनवणारी, कंपनी. पुढे घसरणाऱ्या दोन स्की आणि मागे फिरणारा एक पट्टा ही स्नोमोबिलची ठेवण त्यांनी 2007 साली रस्त्यावर आणली. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. सेमी-ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये क्लच नाही. गिअर डाव्या हाताच्या अंगठ्यानं चढवायचे, तर्जनीनं उतरवायचे. तिन्ही चाकांचा ब्रेक उजव्या पायाखालच्या एकाच पेडलवर. डाव्या पायाला कामच नाही! मोटारसायकलींच्या दुकानांत मी आजवर जे जे पाहिलं होतं, त्यात माझ्यासाठी काही बदलावं लागणार नाही अशी ही पहिलीच गाडी.

वॉशिंग्टन राज्यात कारच्या लायसन्सवर ही चालवता येत नाही, तीनचाकीची वेगळी नोंद लागते. त्यासाठी शनिवार-रविवारचा कोर्स केला. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून वळणं, आठचा आकडा, एकदम थांबणं, अडथळा चुकवणं. गंमत अशी की वर्गातल्या जुन्या बाइकवाल्यांना ही गाडी जड जात होती. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळायचं तर डाव्या हाताचा दाब पुढे द्यायचा आणि झुकायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. स्पायडर झुकत नाही. डावीकडे जायचं तर हँडल सरळ डावीकडेच वळवायचं, आणि वळणात शरीर बाहेर फेकलं जातं ते आपण आत झुकून सावरायचं. कायनेटिकची जादा चाकं मला हेच शिकवून गेली होती. तीही झुकत नसे. त्यामुळे माझ्या हातांना काही विसरायचं नव्हतं.

पायाचं मात्र मला स्वतःलाच शोधावं लागलं. बसताना पार्किंग ब्रेक लावलेला असला की साडेचारशे किलोंच्या पुढची ती गाडी भिंतीसारखी उभी राहते. कॅलिपरचा गुडघा लॉक करून डाव्या पायावर उभं राहायचं, हँडल धरायचं, उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकायचा. बसल्यावर लॉकची कडी वर ओढायची, गुडघा दुमडतो. मग पाऊल हातानं उचलून फूटबोर्डवर ठेवायचं. ते थरथरीनं सरकू नये म्हणून मेकॅनिककडून फूटबोर्डला बाहेरच्या बाजूनं छोटी कड लावून घेतली. उजव्या वळणांवर शरीर डावीकडे जातं आणि तिथे तोल धरायला माझा डावा पाय उपयोगाचा नाही. म्हणून वळण यायच्या आधीच कंबर थोडी उजवीकडे सरकवायची आणि छाती उजव्या मुठीकडे न्यायची. हे मी घराजवळच्या शाळेच्या मोकळ्या आवारात इतकं घोटवलं की रात्री झोपेतही खांदा वळत असेल.

पहिली लांबची ट्रिप नॉर्थ कॅस्केड्स हायवेची, म्हणजे स्टेट रूट 20 ची. हा रस्ता 1972 ला खुला झाला आणि दर हिवाळ्यात हिमस्खलनाच्या भीतीनं बंद होतो, त्यामुळे जुलैच गाठला. आय-5 या मोठ्या महामार्गावरचे ट्रक पहिल्याच दिवशी नकोत म्हणून स्नोहोमिश, आर्लिंग्टनवरून हायवे 9 नं सेड्रो-वूलीपर्यंत गेले. नवरा मागे कारमध्ये. निघताना म्हणाला, "हे बघ, दमलीस की सांग, उगीच ताणू नकोस." मी म्हटलं, "तू फक्त अंतर ठेवून ये."

सगळ्यात आवडलं ते सिग्नलला थांबणं. लाल दिवा लागला, ब्रेक दाबला, गाडी उभी, दोन्ही पाय वरच. शेजारच्या बाइकवाल्यानं पाय टेकला होता आणि मी आरामात हँडलवर हात ठेवून बसले होते.

मार्बलमाउंटला टाकी भरून घ्याच. पुढे डोंगर ओलांडेपर्यंत जवळपास 70 मैल पेट्रोल पंप नाही. न्यूहेलेमनंतर डोंगराच्या पोटातले छोटे बोगदे लागतात, मग स्कॅजिट नदीवरची सिएटलची जुनी धरणं, आणि वर चढून आलं की डायब्लो तलाव. हिमनद्यांनी दगड दळून केलेलं पीठ पाण्यात तरंगतं, त्यानं त्याला तो हिरवट निळा रंग येतो. इथे पार्किंग उतारावर मिळाली, तर रिव्हर्स गिअरनं निवांत बाहेर काढली. ही गाडी ढकलणं कोणाच्याच्यानं होणार नाही.

पुढे कड्याखालच्या टप्प्यात रस्त्यावर मुठीएवढे दगड पडलेले दिसले. कार दगड दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जाते, दुचाकी बाजूनं जाते. इथे तीन चाकं तीन रेघांवर चालतात, मधल्या रेघेवर मागचं चाक. दगड मधे घेतला की तो नेमका मागच्या चाकाखाली. म्हणून नजर लांब ठेवून वेग उतरवायचा आणि अख्खी गाडी बाजूनं काढायची. पहिल्यांदा चालवणाऱ्यानं हे पक्कं लक्षात ठेवावं.

रेनी पास ही खिंड ओलांडल्यावर हवा एकदम गार झाली. 5,477 फुटांवर वॉशिंग्टन पास, समोर लिबर्टी बेलचे सुळके, आणि लगेच खाली ते मोठं हेअरपिन वळण. वळणाआधीच वेग उतरवला, गिअर खाली घेतला, मान वळवून रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे बघितलं. गाडी त्या नजरेमागोमाग आली. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडले.

विन्थ्रॉपला पोचले तेव्हा खांदे भरून आले होते, पाय नाही. तिथून सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "अगं बाई, ही केवढी गाडी! पाय पुरतो का तुझा?" म्हटलं, "आई, पाय लागतच नाही."

माझ्यासारख्या मैत्रिणी, भाऊ विचारतात म्हणून एक सांगते. डावा पाय कमजोर असेल तर सेमी-ऑटोमॅटिक गाडी आहे तशी चालते. उजवा कमजोर असेल तर ब्रेक पेडलचा प्रश्न येतो आणि हाताचा ब्रेक वेगळा बसवून घ्यावा लागतो. ते काम जाणकाराकडूनच करा, आणि गाडी घ्यायच्या आधी कोर्सच्या गाडीवर बसून पाहा.